रानातला कार्बन कुणाच्या नावावर?



'कार्बन' हा शब्द आता आपल्या वाड्यावस्त्यांवर येऊन पोचला आहे. आजवर तो पोरांच्या शाळेच्या पुस्तकात होता. आता वनखात्याच्या बैठकीत, संस्थांच्या शिबिरात, पेपरात सगळीकडं तो ऐकू येतो. तुमच्या रानात कार्बन आहे, त्याला परदेशात भाव आहे, गावाला पैसा मिळेल, फक्त ठराव करून द्या, असं सांगणारी माणसंही फिरू लागली आहेत. एका वाड्यावरच्या म्हातारीनं विचारलं, "त्यो काढून न्हेला तर झाड वाळंल का वो?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उलट या सगळ्या गोंधळात नेमका हाच प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता. म्हणून या अंकात आधी कार्बन म्हणजे काय ते पाहू, आणि मग तो कुणाचा याकडं वळू.

झाड कशानं वाढतं? आपण म्हणू, मातीनं. युरोपात 1600 च्या पुढच्या काळात व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसानं याची परीक्षा घेतली. त्यानं एका मोठ्या कुंडीत सुमारे 90 किलो वाळवलेली माती तोलून भरली, तीत सव्वादोन किलोचं एक रोप लावलं आणि पाच वर्षं पाण्याशिवाय काही घातलं नाही. पाच वर्षांनी झाड भरलं सुमारे 76 किलो. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम 50-60 ग्रॅम. म्हणजे झाडानं माती खाल्ली नव्हती. त्याला वाटलं, सगळं पाण्यानंच झालं. ते अर्धंच खरं. उरलेला हिशेब पुढच्या लोकांनी लावला: झाडाचं लाकूड मुख्यतः हवेतून येतं.

पानाच्या पोटाकडच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. त्यांतून हवेतला कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आत जातो. मुळं पाणी वर पाठवतात. ऊन पडलं की पान या दोघांपासून साखर बनवतं आणि प्राणवायू बाहेर सोडतं. त्या साखरेतूनच पुढं खोड, साल, मूळ, फळ बनतं. आपण चुलीत लाकूड घालतो तेव्हा हेच उलटं होतं: लाकडातला कार्बन पुन्हा वायू होऊन हवेत जातो, आणि झाडानं साठवलेलं ऊन आपल्याला आच म्हणून परत मिळतं. झाडही रात्रंदिवस श्वास घेतं, त्यात घेतलेल्यातला बराच कर्बवायू परत सोडतं. जे उरतं ते लाकडात राहतं. तेच साठवण.

किती राहतं? पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनातलं साधारण अर्धं वजन कार्बनचं असतं. एक टन सुकं लाकूड म्हणजे अर्धा टन कार्बन. हवेत गेल्यावर तो प्राणवायूशी जोडला जातो, म्हणून वजन वाढून सुमारे 1.8 टन कर्बवायू होतो. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.7 किलो कर्बवायू निघतो. म्हणजे एक टन सुकं लाकूड भरेल असं एक झाड पाडून जाळलं, तर जवळजवळ 680 लिटर डिझेल जाळल्याएवढा वायू वर गेला. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानातला एखादा जुना जांभूळ किंवा किंजळ डोळ्यांपुढं आणा, म्हणजे अंदाज येईल.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. आजी, कार्बन म्हणजेच झाड. तो काढून नेता येत नाही. जे विकत घेतात ते कार्बन नेत नाहीत; 'हे झाड उभं राहील' याचा कागद नेतात. आणि तो कागद घेऊन आपल्या कारखान्याचा धूर चालू ठेवतात.

आता हा धूर एवढा का गाजतो आहे? कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे 280 भाग होते. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञानं 1958 पासून हवाई बेटावर, मौना लोआ या डोंगरावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा आकडा 315 च्या आसपास होता. 2013 च्या मे महिन्यात तो 400 ला जाऊन भिडला. दगडी कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची गाडली गेलेली झाडं नि जीवजंतू. ते एवढ्या थोड्या काळात उपसून जाळले, त्याचा हा परिणाम. हवा तापते, पावसाचं वेळापत्रक मोडतं.

त्याच मोजणीत आणखी एक गंमत दिसली. आकडा दरवर्षी मे महिन्यात सगळ्यात वर जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा भागांनी उतरतो. कारण पृथ्वीच्या उत्तरेकडच्या अर्ध्यात जमीन जास्त आहे, आणि तिथल्या थंड मुलखातली झाडं हिवाळ्यात निष्पर्ण होतात, उन्हाळ्यात पालवतात. पालवली की हवेतला कर्बवायू ओढून घेतात. पानं गळून कुजली की त्यातला बराच परत जातो. सगळी पृथ्वीच वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते म्हणा ना.

या थंड आणि समशीतोष्ण मुलखातल्या जंगलांचं, म्हणजे युरोप, अमेरिका, चीनकडच्या रानांचं, कौतुक सध्या फार होतं. 2011 साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटानं जगभरचा हिशेब मांडला. 1990 ते 2007 या काळात जगातल्या उभ्या जंगलांनी दरवर्षी सुमारे 240 कोटी टन कार्बन हवेतून घेतला, त्यातला सुमारे 70 कोटी टन समशीतोष्ण जंगलांनी. तिथं जंगल वाढतं आहे हे खरं. पण का वाढतं आहे तेही पाहायला हवं. त्यांनी मागच्या दोन-तीनशे वर्षांत शेतीसाठी, जहाजांसाठी, भट्ट्यांसाठी आपली रानं आधीच सपाट केली होती. नंतर शेतं पडीक पडली, लोक शहरात गेले, दगडी कोळसा आला, आणि रान पुन्हा उगवलं. रिकामी केलेली कणगी ते आता भरत आहेत. आपल्यासारख्या उष्ण मुलखातली जंगलंही भरपूर कार्बन घेतात. पण तिथं तोड एवढी चालू आहे की घेतलेलं बहुतेक सगळं तोडीत निघून जातं.

थंड मुलखात आणि आपल्याकडं आणखी एक फरक आहे, आणि तो आपल्या कामाचा आहे. थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही. वर्षानुवर्षं थर साचत जातात आणि कार्बन मातीत मुरतो. अगदी उत्तरेकडच्या बर्फाळ पट्ट्यातल्या जंगलांत साठ्याचा जवळजवळ 60 टक्के भाग मातीत आणि फक्त 20 टक्के झाडांत असतो. उष्ण मुलखात उलट: निम्म्याहून जास्त, 56 टक्के, झाडांत आणि 32 टक्के मातीत. तुम्हाला हे सांगायला शास्त्रज्ञ नको. शिमग्यात पडलेला पाला पुढच्या दसऱ्यापर्यंत वाळवी, बुरशी आणि पाऊस मिळून कसा संपवतात ते तुम्ही दरवर्षी बघता. याचा अर्थ असा की आपल्याकडं रान तोडलं की साठ्याचा मोठा वाटा लगेच जातो. आणि गगनबावड्यासारखा पाच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस उघड्या उतारावर पडला की मातीतला उरलेलाही वाहून नदीत जातो.

आता रोपवनाची गोष्ट. खात्याचं म्हणणं असतं, जुनं झाड म्हातारं झालं, ते काही घेत नाही. नवं लावलं तर ते भराभर कार्बन घेईल. यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करू. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा निलगिरी पहिल्या दहा वर्षांत झपाट्यानं वाढते. पण कणगीत रोज किती पडतं आणि कणगीत किती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर-दोनशे वर्षांचं ऐन, अंजनी, हिरडा, पिसा, जांभळाचं मिश्र रान ही भरलेली कणगी. ती उपसून रिकामी करायची आणि नव्या कणगीत रोज पायलीभर जास्त पडतं म्हणून टाळ्या वाजवायच्या, हा कसला हिशेब? शिवाय ती बाभूळ बारा-पंधरा वर्षांत तोडली जाते, भट्टीत नाहीतर कागदाच्या लगद्यात जाते, आणि घेतलेला कार्बन थोड्याच काळात परत हवेत. तिच्याखाली गवत नाही, कंद नाही, मधाला फूल नाही. जुनं रान काही घेत नाही हेही खरं नाही. 2008 साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात जगभरच्या म्हाताऱ्या जंगलांची मोजमापं एकत्र करून छापली गेली. समशीतोष्ण आणि थंड पट्ट्यांतली कित्येक शतकांची रानंसुद्धा अजून कार्बन साठवत असल्याचं त्यात दिसलं.

सड्यांवर खड्डे काढून झाडं लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं! कातळावर वीतभर माती, तिच्यात पावसाळ्यात उगवणारं गवत आणि फुलं, तीच सड्याची श्रीमंती. तिथं रोपं जगत नाहीत, हे कुठल्याही गुराख्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

आपल्यावरचा आरोप हा की राब भाजून आणि सरपण नेऊन आपणच जंगल संपवलं. राबासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या छाटतात, खोड उभं राहतं, पुन्हा पालवी फुटते. वर गेलेला कार्बन पुढच्या पावसाळ्यात बहुतेक परत येतो. कोळशाच्या धुराचं तसं होत नाही, तो परत जमिनीत जात नाही. तेव्हा तरव्याच्या राबाला आणि वीजकारखान्याच्या धुराला एका तराजूत तोलू नये. पण सगळंच झाकूनही चालणार नाही. फाल्गुन-चैत्रात गवत कोवळं फुटावं म्हणून लावलेली आग रानात शिरते, तेव्हा दहा वर्षांची रोपं एका रात्रीत जातात. मालकीच्या रानांचा सौदा करून ठेकेदाराला सगळं साफ करू देणारे आपल्याच गावातले आहेत. या दोन गोष्टी ग्रामसभेनं बंद केल्या नाहीत, तर 'आम्ही रान राखलं' हे म्हणताना आपला आवाज बारीक होणार.

राखलं मात्र आहेच. घाटमाथ्यावर ज्या देवराया टिकल्या त्या कुणा रेंजरच्या भीतीनं टिकल्या नाहीत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 नंतर महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद करायला घेतली तेव्हा त्यांना गावोगाव जुनी अस्पर्श रानं सापडली, ती देवाच्या धाकानं आणि गावाच्या शिस्तीनं राहिलेली. दाजीपूर ही कोल्हापूर संस्थानची राखीव शिकारीची जागा. 1958 मध्ये तिथं अभयारण्य झालं, 1985 मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून ते 351 चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. प्रत्येक वेळी रानाची किंमत वाढली आणि धनगरवाड्याची वाट अरुंद झाली. ज्यांच्यासमोर ते रान इतकं शाबूत मिळालं, त्यांनाच आता आत जायला विचारावं लागतं. (गाडगीळ आणि कस्तुरीरंगन अहवालांवरून जिल्ह्यात जो गलका चालू आहे त्यावर वेगळं लिहू, तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.)

आणि आता पैशाची गोष्ट, कारण ती आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्या रानातल्या कार्बनचा भाव या देशात आधीच ठरलेला आहे. खाण, धरण, रस्ता यासाठी जंगलाची जमीन दिली की घेणाऱ्यानं त्या जंगलाची किंमत भरायची असते. तिला कागदोपत्री एनपीव्ही म्हणतात. ती किंमत कशी काढायची हे ठरवणाऱ्या समितीनं लाकूड, सरपण, रानमेवा यांच्याबरोबर साठवलेला कार्बनही धरला होता. मार्च 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दर नक्की केले: जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून हेक्टरी 4 लाख 38 हजारांपासून 10 लाख 43 हजारांपर्यंत. अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. हा पैसा कॅम्पा नावाच्या निधीत जातो, तिथून वनखात्याकडं येतो, आणि त्यातून रोपवनं होतात. बऱ्याचदा ती रोपवनं कुठं? आपल्याच कसत्या जमिनीवर आणि गायरानात, तारेचं कुंपण घालून. म्हणजे रान जातं एका गावचं, पैसा जातो खात्यात, आणि भरपाई म्हणून जमीन जाते दुसऱ्या गावची. सरपण, रानमेवा, कार्बन सगळं मोजलं. ते राखणारा गाव मात्र पावतीवर नाही.

राधानगरी आणि शाहूवाडी तालुक्यांत सड्यांखाली बॉक्साइट आहे आणि खाणी चालल्या आहेत, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ओडिशातल्या नियमगिरीची बातमी आपण नीट समजून घ्यावी. तिथंही डोंगरमाथ्यावर बॉक्साइटच होतं. 18 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या आणि डोंगरिया कोंध आदिवासींनी बाराच्या बारा ठिकाणी खाणीला नकार दिला. त्या ठरावांत कार्बन हा शब्द कुणी वापरला नसेल. त्यांनी डोंगर देवाचा म्हणून सांगितला. पण त्या नकारानं जेवढा कार्बन डोंगरावर उभा राहिला तेवढा किती रोपवनांनी भरला असता, याचा हिशेब खात्यानं एकदा करावा.

हिमालयातलं उदाहरण याहून शांत आहे. उत्तराखंडात गावांच्या वनपंचायती 1931 पासून कायद्यानं मान्य आहेत, आणि तिथलं बांज-देवदाराचं रान हे आपल्या देशातलं समशीतोष्ण जंगल. तिथल्या काही गावांतल्या बायाबापड्यांनी थोडं शिक्षण घेऊन स्वतः फीत धरून खोडं मोजली आणि आपल्या रानात दरवर्षी किती कार्बन वाढतो ते काढलं. अवघड काही नाही. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, खोडाचा घेर घ्यायचा. झाडाची जात आणि अंदाजे उंची लिहायची. ठरावीक तुकड्यातली सगळी झाडं अशी मोजून तोच तुकडा पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचा. आपल्या हायस्कुलातली पोरं हे दोन दिवसांत शिकतील. मोजणी आपल्या वहीत असली की उद्या कुणी येऊन 'हे निकृष्ट जंगल आहे, इथं रोपवन करू' म्हणाला तर त्याला वही दाखवता येते.

मग कार्बनचा पैसा घ्यायचा का नाही? यावर चळवळीत दोन मतं आहेत आणि ती लपवायची गरज नाही. आमचं मत असं: दुसऱ्याच्या धुराला परवानगी देणारा कागद विकू नये. तसा करार वीस-तीस वर्षांचा असतो, आणि त्या काळात आपल्याच रानात कुऱ्हाड नेताना, गुरं चारताना, राब छाटताना परक्याला उत्तर द्यावं लागतं. रान राखण्याच्या कामाचा मोबदला मागणं ही वेगळी गोष्ट. ती जरूर मागावी, पण खात्याकडून आणि सरकारच्या निधीतून, हक्क म्हणून. आणि काहीही मागायच्या आधी रान कागदावर आपलं असायला हवं. ज्याच्या नावावर गोठा नाही त्यानं दुधाचा भाव करण्यात अर्थ नाही.

रान कागदावर आणायचा रस्ता आहे. 2006 चा वनहक्क कायदा फक्त कसत्या तुकड्यापुरता नाही. गावाच्या वहिवाटीचं सगळं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याची व्यवस्था करायचा हक्क त्यात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर हा हक्क मिळवला आणि 2011 मध्ये आपला बांबू आपल्या पासावर विकला. ठाणे-रायगडचे ठाकूर, कातकरी साथी आणि अकोल्याकडचे महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. आपल्याकडच्या धनगरवाड्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचं, 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. इथं कचेरीतून फार दिशाभूल होते. 75 वर्षं त्या भागात राहिल्याचा पुरावा हवा. एकाच तुकड्यावरच्या ताब्याचा नव्हे. आणि पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही. देवराई, मसणवटा, जुनी विहीर, पाणवठा, गुरांची वाट, जुन्या घराचं जोतं, गावातल्या म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, हे सगळं नियमांत बसतं. यांपैकी एकाहून जास्त जोडावेत.

सप्टेंबर 2012 मध्ये नियम सुधारले तेव्हापासून सामूहिक वन संसाधनाच्या दाव्याचा वेगळा अर्ज आहे. कसत्या जमिनीच्या दाव्यात तो मिसळू नका. ज्या वाड्यांनी फक्त वैयक्तिक दावे भरले त्यांनी हा आता भरावा. ग्रामसभेची तारीख लावून वनहक्क समितीनं हद्द फिरून यावी, बाया बरोबर असाव्यात, कारण सरपण, कंद आणि पाण्याच्या जागा त्यांनाच माहीत असतात. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्ही समित्यांनी आधी एकत्र बसावं. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायच्या आधी ग्रामसभेची संमती लागते असं केंद्राच्या 3 ऑगस्ट 2009 च्या परिपत्रकात म्हटलं होतं, त्याची प्रत ठरावाच्या वहीला चिकटवून ठेवा. आणि कार्बनच्या नावानं कुणी कागद घेऊन आला तर त्या दिवशी कुणीही सही-अंगठा देऊ नये. कागद ठेवून घ्यावा, वाचून घ्यावा, आणि त्याची एक प्रत आमच्याकडं पाठवावी. आलेले कागद पुढच्या अंकात नावं गाळून छापू, म्हणजे बाकीच्या गावांनाही कळतील.